येसूची बाई : पासली, फुलम, केडगाव

पासली हे आमचं गाव. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे मढे घाट उतरला की महाडचा मुलूख. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण आमच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. पाऊस असा की खाचरात भात आणि उतारावर नाचणी-वरी, याखेरीज दुसरं काही सुचू नये. गावात चर्च नाही. कुणी मिशनरी इथे येऊन राहिल्याचंही घरातल्या जुन्या माणसांनी कधी सांगितलं नाही. तरी आमच्या आजीच्या तोंडी एक ख्रिस्ती बाई शेवटपर्यंत होती.

गोष्ट १९५०नंतरच्या दशकातली. थोरले काका तेव्हा चारेक वर्षांचे होते. त्यांना हगवण लागली आणि पोटात पाणी ठरेना. आजोबांनी त्यांना घोंगडीच्या झोळीत घालून वेल्ह्याला आणलं, तिथून बैलगाडीनं नसरापूर, मग एस.टी.नं पुणं. इस्पितळात जागा मिळाली, पण फडकी कुठे धुवायची हे आजीला कळेना आणि विचारायची छाती होईना. लडबडलेली फडकी पदराखाली लपवून ती कॉटशेजारी बसून राहिली. रात्रपाळीच्या नर्सबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली, स्वतः धुतली आणि खिडकीच्या गजांवर वाळत घातली. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या रात्री आजीनं विचारलं, "बाई, तुमी कोनाच्या?" बाई म्हणाल्या, आम्ही ख्रिस्ती, नगरकडच्या. "मंग आमचं कशापायी करता?" त्यावर बाई नुसत्या हसल्या आणि पुढच्या कॉटकडे गेल्या.

काका वाचले. सुगीनंतर आजोबा दोन पायल्या आंबेमोहोर घेऊन पुण्याला गेले, तर बाईंची बदली झालेली. ते तांदूळ त्यांनी तिथल्या आयांना वाटून टाकले. आजीला त्या बाईंचं नाव कधीच कळलं नाही. ती त्यांना 'येसूची बाई' म्हणायची. "तिनं माज्या पोराची घान काडली, पर नाक न्हाई मुरडलं," हे तिचं ठरलेलं वाक्य.

मी शाळेत इतिहास शिकवतो. पंडिता रमाबाईंचा धडा येतो तेव्हा पुस्तकात दोन-चार ओळी असतात : संस्कृतच्या विदुषी, शारदा सदन, मुक्ती सदन. मग त्यांचं धर्मांतर आणि त्यावरून झालेला गदारोळ. मुलं पाठ करतात, मीही अनेक वर्षं तसंच शिकवलं. रमाबाई ख्रिस्ती कशा झाल्या, याचं उत्तर मी मनाशी धरलं होतं की एवढी शास्त्रं पढलेली बाई वादातच जिंकली गेली असणार. त्यांनी स्वतः लिहिलेली हकिकत वाचली तेव्हा कळलं, वादाचा भाग त्यात होता, पण निर्णायक जागा वेगळीच होती. ती वाचताना मला आजीची फडकी आठवली.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाशी भांडावं लागलं होतं. पुढे हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी हिंडत राहिलं. दुष्काळात जवळचं सगळं संपलं, झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले, आणि १८७४मध्ये आईवडील गेले. थोरली बहीणही पाठोपाठ गेली. उरलेली दोघं भावंडं, श्रीनिवास आणि रमा, चालत चालत १८७८मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ वारला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह झाला, आणि १८८२मध्ये तेही गेले. चोविशीच्या आत रमाबाई विधवा झाल्या. पदरात मनोरमा ही लहानगी मुलगी.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि बायकांना स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षक हव्यात असं तिथे सांगितलं. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनी काम करत. त्यांची ओळख पुण्यातच झाली, आणि वैद्यकी शिकायच्या इराद्यानं १८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या याच भगिनींकडे.

वाँटेजहून त्यांना काही दिवस लंडनजवळच्या फुलमला पाठवलं होतं. समाजानं 'पतित' ठरवलेल्या बायकांसाठी भगिनींनी तिथे एक घर चालवलं होतं. तिथे राहणाऱ्या काही बायका आता स्वतःच आजाऱ्यांची सेवा करत होत्या. हे पाहून रमाबाई थक्क झाल्या. ज्या धर्मग्रंथांत त्या वाढल्या, त्यांत अशा बाईला दंड आणि बहिष्कार ठाऊक होता. तिला जवळ बसवून जेवू घालणं त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं. तुम्ही हे कशासाठी करता, असं त्यांनी विचारलं. भगिनीनं त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची आणि तिच्याशी बोलत बसलेल्या येशूची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आजीनं विचारलेला प्रश्न आणि रमाबाईंनी विचारलेला प्रश्न एकच आहे : कशापायी करता?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. असं काम आपल्याकडे कुणीच केलं नव्हतं असं नाही. फसलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३मध्येच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. रमाबाईंचं बालपण तीर्थक्षेत्रांत गेलं, त्यामुळे त्यांनी पाहिलेला हिंदू समाज मुख्यतः शास्त्री-पुराणिकांचा होता. आणि त्यांच्या धर्मांतरावरून पुणं खवळलं तेव्हा १८८५च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली ती जोतीरावांनीच. ज्यांनी स्वतः तसल्या बायकांना घरात घेतलं होतं, त्यांना रमाबाई कळल्या.

बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाई मुकाट आज्ञाधारक झाल्या नाहीत. त्यांच्या धर्मगुरुभगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून कडाक्याचा वाद चालला. बिशप सांगतील ते मानायचं तर पुरोहितांचं जोखड टाकून काय मिळवलं, असा त्यांचा सूर होता. चर्चच्या सिद्धांतांतले काही त्यांना पटत नव्हते, ते त्यांनी लपवलं नाही. फुलमला पाहिलेली गोष्ट मात्र त्यांनी कधी सोडली नाही.

अमेरिकेत व्याख्यानं देऊन, 'हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवा मुलींना शिकवायचं, पण त्यांच्या सोवळ्याओवळ्याला, पूजेअर्चेला हात लावायचा नाही, असा नियम होता. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर होते. मुंबईच्या सदनात दाखल झालेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. तिनं पुढे ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली.

त्याच वर्षी वाद पेटला. रमाबाई सकाळी मनोरमेबरोबर प्रार्थना करत तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली आत येऊन बसत. त्यांना बोलावणार नाही, पण दारही लावणार नाही, असं रमाबाईंचं म्हणणं. 'केसरी'नं टीकेची झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. सदन बंद पडेल असं वाटलं, पण पडलं नाही.

मग १८९६चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात भुकेनं माणसं मरत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या. स्वतः भूक भोगलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि विधवा, अनाथ मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, इतक्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. सदनाच्या खर्चाला फळबाग असावी म्हणून केडगाव स्टेशनजवळ त्यांनी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे झोपड्या आणि तंबू टाकून मुलींना ठेवलं. तेच मुक्ती सदन.

धड्यात 'दुष्काळपीडित स्त्रियांना आश्रय दिला' एवढंच असतं. त्या वाक्यात काय काय आहे ते पाहावं. उपाशी पोराला एकदम पोटभर घातलं तर ते मरतं. पेज द्यायची, तीही थोडी थोडी, दिवसातून कितीदा तरी. केसांत उवांचं जाळं, अंगावर खरूज, पोटात जंत, हगवण. रात्री अंथरुणं ओली होणार, ती रोज धुवायची. उद्या मिळेल याची खात्री नसलेली मुलगी भाकरी चोरून उशाखाली लपवते, मारामारी करते, पळून जाते. तिच्यावर विश्वास ठेवायचा, आणि तो फुकट गेला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवायचा. शारदा सदनात शिकलेल्या मुलींनी इथे हे काम अंगावर घेतलं. काल ज्यांना घरात अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं, त्या आज दुसऱ्यांच्या उवा काढत होत्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणल्या, शेती, माग, गुरं, छापखाना उभा राहिला. मनोरमेनं अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवायची सोय केली. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंत छापखान्याचं काम बायका करत.

याच दिवसांत, १८९७मध्ये, पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिलं. त्याचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता तो प्रश्न, जो वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा विचारतोच : "सर, पण त्यांना बाटवायलाच आणलं होतं ना?"

मी तो टाळत नाही. शारदा सदनात धर्मशिक्षण नव्हतं. मुक्तीत होतं, उघडपणे होतं. या मुलींनी ख्रिस्ती व्हावं असं रमाबाईंना मनापासून वाटे आणि शेकडो मुली झाल्या. रस्त्यावरून मरता मरता उचललेल्या पोरीला निवड करायला कितीशी जागा असते? हा आक्षेप खोटा नाही आणि चांगल्या कामाच्या वजनाखाली तो दाबून टाकू नये. पण त्याच्याबरोबर दुसरंही सांगायला हवं. त्या दुष्काळात सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावत होती. ते कामही मोठं होतं. मात्र अंगावर मांस नसलेल्या, नाव-गाव-जात न सांगता येणाऱ्या पोरींना जन्मभरासाठी घरात घ्यायला फार थोडी दारं उघडी होती. आक्षेप घेणाऱ्या बहुतेकांची दारं त्यांत नव्हती.

आणि रमाबाईंच्या हातचं ज्यांना मिळालं त्या सगळ्या ख्रिस्ती झाल्या, असंही नाही. आनंदीबाई कर्वे हिंदूच राहिल्या. शारदा सदनात त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि आपल्या पायांवर उभ्या राहता येतं हेही शिकल्या. कर्व्यांनी १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे हिंगण्याला गेला. आनंदीबाईंनी त्यासाठी वर्गणी गोळा केली, त्यांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले यांनी त्या आश्रमासाठी आयुष्य वेचलं. म्हणजे फुलमच्या त्या घरातून निघालेला एक धागा केडगावच्या चर्चपर्यंत जातो आणि दुसरा हिंगण्याच्या टेकडीपाशी. ज्यांनी १८९३मध्ये सदनातून मुली काढून नेल्या, त्यांच्याच नाती-पणती पुढे हिंगण्याला शिकल्या असतील.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. संस्कृतच्या पंडितेनं त्यासाठी भाषा निवडली ती कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी. मनोरमा १९२१मध्ये गेली. भाषांतराचं काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. केडगावला निराधार बायकामुलींचं काम आजही चालू आहे.

तरीही मला वाटतं, रमाबाईंचा धर्म समजून घ्यायला बाप्तिस्म्याची तारीख पुरत नाही. तो रोजच्या पेजेत आणि धुतलेल्या अंथरुणांत होता. विश्वास, श्रद्धा हे शब्द आपण फार उंचावर ठेवतो. त्या बाईनं ते जमिनीवर, मोरीपर्यंत आणले. आमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. रमाबाई हे नावही तिनं ऐकलं नसेल. पण तिनं जे ओळखलं ते हेच होतं.

आजी स्वतः पासलीच्या देवीची, शेवटपर्यंत. उपास-तापास चुकवले नाहीत. मात्र इस्पितळातून आल्यावर तिच्यात एक फरक पडला, असं आई सांगायची. आमच्या वाडीत एक म्हातारी अंथरुणाला खिळली होती. सुना दारातून ताट सरकवून जायच्या. तिची आणि आमची जात वेगळी. आजी रोज दुपारी जाऊन तिची कूस बदलायची, फडकी बदलायची, ती ओढ्यावर धुऊन आणायची. घरात यावरून भांडणं झाली, आजोबाही बोलले. आजीनं वाद घातला नाही. एकदाच म्हणाली, "त्या बाईचे तांदूळ द्यायचे ऱ्हायलेत माजे."