कांद्याची मोकळीक

आमच्या निफाड तालुक्यातली जुनी माणसं उदारीकरणाची गोष्ट १९९१ पासून सांगत नाहीत. ती सुरू होते १९८० च्या नोव्हेंबरात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ऊस आणि कांद्याच्या भावासाठी हाक दिली, आणि माणसं घरं सोडून रस्त्यावर, रुळांवर आली. आमचे आप्पा खेरवाडीला रुळावर बसले होते. तिथं गोळीबार झाला, शेतकरी मेले. पुढं कितीतरी वर्षं आप्पा सांगायचे, "कर्जमाफी मागायला नव्हतो गेलो रे. घामाचा दाम मागत होतो."

आजीची आठवण १९८६ ची. चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं, तेव्हा गावातल्या बायका भाकरी बांधून ट्रॅक्टरनं गेल्या. आजी म्हणायची, कांदा लावायचा, खुरपायचा, काढायचा, चाळीत भरायचा आम्ही. लासलगावच्या कांदा बाजाराची हिशोबपट्टी मात्र कधी हातात आली नाही. पुढं संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत आप्पांनी जमिनीचा तुकडा तिच्या नावावर केला. सातबाऱ्यावर स्वतःचं नाव पाहिलं, त्या दिवसाचं ती आयुष्यभर बोलत राहिली. मला तरी आमच्या घरातली मोकळीक तिथूनच सुरू झालेली दिसते.

मग २४ जुलै १९९१ आला. मनमोहन सिंगांचा अर्थसंकल्प, बहुतेक उद्योगांचं परवाना राज संपलं. त्याच वर्षी द्राक्ष बागायतदारांची महाग्रेप्स ही संस्था उभी राहिली आणि द्राक्षं युरोपला जाऊ लागली. जागतिक व्यापाराच्या गॅट करारासाठीच्या डंकेल मसुद्यावर देशभर काहूर उठलं, तेव्हा शरद जोशी त्याच्या बाजूनं बोलले: शेतकऱ्याला जगाचा बाजार खुला होऊ द्या. आप्पांना ते मनोमन पटलं होतं.

द्राक्षाला दार उघडलं ते उघडलंच. कांद्याचं मात्र शहरातल्या ताटाशी आणि मतपेटीशी नातं. १९९८ ला दिल्लीचं राज्य सरकार कांद्याच्या भावानं गेलं, याची धास्ती प्रत्येक सत्तेनं घेतली. जून २०२० मध्ये केंद्रानं वटहुकूम काढून कांद्यावरचं जीवनावश्यक वस्तू कायद्याचं बंधन सैल केलं, आणि १४ सप्टेंबरला निर्यात बंद केली. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा निर्यातबंदी. बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही ४० टक्के निर्यातशुल्क लावून.

भाव पडतो तेव्हा तोटा शेतकऱ्याचा, आणि चढतो तेव्हा सरकार आडवं येतं. याला खुला बाजार म्हणता येणार नाही. कारखान्याला १९९१ मध्ये मिळालेली मोकळीक लासलगावच्या कांद्याला अजून मिळालेली नाही.