वारस आणि मिरास

मृत्युपत्र न करता माणूस गेला, की तेरावा उरकताच घरात एक शब्द फिरू लागतो. वारस किती? वारसनोंद लावली का? शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो बाहेरून आला असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

त्याचं माहेर अरबी. एकाच धातूपासून तिथे दोन शब्द झाले : मागे राहून मालमत्ता घेणारा तो 'वारिस' आणि ती मालमत्ता म्हणजे 'मीरास'. दख्खनच्या सुलतानांच्या फारसी दफ्तरांतून दोन्ही मराठीत उतरले. त्याआधी आपल्याकडे दाय, दायाद, रिक्थ हे संस्कृत शब्द होते. वारशाचा विचार ज्याने शेकडो वर्षं हाती ठेवला, तो 'मिताक्षरा' हा ग्रंथ विज्ञानेश्वराने सहाव्या विक्रमादित्याच्या काळात कल्याणीला लिहिला. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आणि बिदर ही पुढे बहमनींची राजधानी. दाय आणि वारस एकाच मातीत भेटले.

मराठी गावात 'मिरास' शब्दाला जमिनीचा वास लागला. वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार, त्यालाच थळकरी म्हणत. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदार परागंदा झाला तरी परत येऊन आपली जमीन मागू शके, एवढं त्या हक्काचं वजन. घराण्यात कुणीच उरलं नाही तर जमीन 'गतकुळ' ठरे. हा शब्द मला फार बोलका वाटतो. जमीन तिथेच असते, कुळ तेवढं गेलेलं.

एक गोष्ट मात्र शब्दांबरोबर आली नाही. इस्लामी वारसाकायद्यात मुलीचा हिस्सा ठरलेला आहे : मुलाच्या निम्मा, पण ठरलेला. आपण वारस घेतला, मिरास घेतली, मुलीचा हिस्सा वेशीबाहेर ठेवला. मिताक्षरेत मुलाला जन्मतःच हक्क. मुलगा नसेल तर विधवा, आणि तिच्यानंतर मुलगी.

हा क्रम मोडायला फार वेळ लागला. डॉ. गो. वि. देशमुखांच्या प्रयत्नाने १९३७ साली विधवेला हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. १७ जून १९५६ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्राविना गेलेल्या बापाच्या मालमत्तेत मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना एका रांगेत बसवलं. वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मसिद्ध हक्क मात्र मुलाकडेच राहिला. महाराष्ट्राने तो २२ जून १९९४ रोजी मुलीला दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या दुरुस्तीने तीही अट गेली. दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असायला हवा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मुलींच्या बाजूने मिटवला.

कायदा इथवर आला. सातबारा मागेच रेंगाळला. कितीतरी उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'एकुम', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, एवढंच लिहिलेलं सापडतं आणि त्या तीन अक्षरांखाली बहिणींची नावं गाडली जातात. जिथे नावं लागतात, तिथे पाठोपाठ हक्कसोडपत्र येतं. भाऊबीज तुटेल या भीतीने बहीण सही करते. राजीखुशीने केलेली सही वेगळी. पण ओवाळणीच्या बदल्यात शेत मागणं हा अन्याय आहे, त्याला माया म्हणू नये.

मालक वारला की तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते. तलाठ्याकडे वारसांची वेगळी नोंदवही असते : गाव नमुना सहा-क. तुमचे वडील गेले असतील, तर ती एकदा उघडून बहिणीचं नाव शोधा. नसेल, तर तिने मागायची वाट पाहू नका. अर्ज तुम्हीच करा.