लस आणि उंबरठा : शिकाऊ परिचारिकांच्या सेवेचा इतिहास

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा असतो, दानशूर दात्यांची नामावली असते, आणि ते उचितच आहे. परंतु ज्या परिसरात आपण राहतो, त्याच्या आरोग्यासाठी ज्यांनी गाजावाजा न करता कष्ट घेतले, त्यांचीही नोंद अशा प्रसंगी व्हावी, या हेतूने हा अल्पसा लेख लिहीत आहे. विषय आहे लसीकरणाचा, आणि त्यात परिचारिका, त्यांच्या शिक्षिका व विद्यार्थिनी यांनी उचललेल्या वाट्याचा.

भारतातील पहिली लस मुंबईत टोचली गेली, हे अनेकांना ठाऊक नसते. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस देण्यात आली. बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आलेली ती लस पुढे एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी इतरत्र पोहोचली.

खरी कसोटी लागली ती प्लेगच्या वेळी. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी या रोगाचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदामांची आणि व्यापाऱ्यांची वस्ती. पाहता पाहता पेढ्यांना कुलपे लागली आणि लाखो लोकांनी मुंबई सोडली. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. जंतूंची वाढ व्हावी म्हणून त्यांनी द्रवावर चक्क तुपाचे थेंब सोडले होते. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली.

तथापि केवळ लस सिद्ध झाल्याने काम भागत नाही. ऑक्टोबर १८९६ मध्ये संतप्त गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. पुण्यात सोल्जरांनी घरे धुंडाळली, त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली जाण्यात झाले. याउलट तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि खोजा समाज लस घेण्यास पुढे आला. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. सक्तीने जे साधत नाही ते विश्वासाने साधते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा दक्षतेचा. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला. पुढे उलगडा झाला की बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. परिचर्येच्या शिक्षिका हात धुण्याबाबत आणि सुई हाताळण्याबाबत इतक्या कठोर का असतात, याचे उत्तर त्या एका चिमट्यात आहे.

प्लेगने मुंबईला आणखी एक गोष्ट शिकविली. दाट वस्तीला मोकळी हवा हवी. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडील भाग आखणी करून वसविण्यात आला. महानगरपालिकेचे सुमारे २८ एकरांचे मैदान १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ या नावाने खुले झाले. १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्यास ‘शिवाजी पार्क’ हे नाव मिळाले. या अवंतिकाबाईंनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते, आणि १९१७ साली गांधीजींच्या हाकेसरशी त्या चंपारणच्या खेड्यात सेवेस गेल्या होत्या. आपल्या मैदानाचे नाव एका परिचारिकेच्या आग्रहातून आले, ही आपणास अभिमानाची बाब वाटावी.

परिचर्येच्या शिक्षणाची परंपराही मुंबईत जुनी आहे. १८९१ साली काशीबाई गणपत या जे. जे. रुग्णालयात प्रशिक्षणासाठी दाखल झाल्या. १९६४ साली एस. एन. डी. टी. महिला विद्यापीठाने लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू केले. याच विद्यापीठास कापड गिरण्यांचे मालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये १५ लाख रुपयांची देणगी दिली होती. कापडाच्या व्यापारातील पैसा मुलींच्या विद्येस लागला, हे माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्यास विशेष समाधान देणारे आहे.

या शिक्षणात सामुदायिक आरोग्य हा स्वतंत्र विषय असतो. शिक्षिका विद्यार्थिनींना वस्तीत नेतात. घरोघरी बालकांची यादी करणे, मातांची शंका दूर करणे, कार्डावर नोंद करणे, लस २ ते ८ अंश तापमानात राखणे, सुईवर पुन्हा टोपण न लावणे, ही शिस्त तेथे अंगवळणी पडते. डिसेंबर १९९५ पासून देशभर झालेल्या पल्स पोलिओ मोहिमांत अशा अनेक विद्यार्थिनी राबल्या. रविवारी बूथवर दोन थेंब, डाव्या करंगळीवर शाईची खूण, आणि पुढील दिवसांत राहिलेल्या घरांचा शोध. जानेवारी २०११ मध्ये हावड्यास देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात गोवर-रुबेला मोहीम झाली. मे २०२१ मध्ये दादरच्या कोहिनूर वाहनतळात मुंबईतील पहिले असे केंद्र उघडले, जेथे ज्येष्ठांना मोटारीत बसूनच कोविडची लस मिळाली. त्या काळात राज्यात ठिकठिकाणी नोंदणी आणि लसीनंतरची अर्ध्या तासाची देखरेख या कामांत शिकाऊ परिचारिकांनीही हात दिला.

शिवाजी पार्क आणि धारावी महापालिकेच्या एकाच जी-उत्तर विभागात मोडतात. चाळीत आणि झोपडपट्टीत दार बहुधा उघडे असते. आपल्या सोसायट्यांत मात्र पहारेकरी अडवितो, घंटी वाजूनही कोणी उठत नाही आणि “आमचे डॉक्टर आहेत” असे दाराआडूनच सांगितले जाते. साथ मात्र पत्ता विचारून येत नाही.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना नम्र विनंती आहे. गळ्यात ओळखपत्र आणि खांद्यावर लसीची पेटी असलेल्या मुली दारी आल्या, तर त्यांना आत बोलवावे, पाणी विचारावे, घरातील बालकांची खरी माहिती द्यावी. संस्थांनी आपले सभागृह एका सकाळपुरते उपलब्ध करून द्यावे. अन्नदान आणि औषधदान आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. सव्वाशे वर्षांपूर्वी या शहराला जो विश्वास कमी पडला, तो देणे हेही दानच आहे, आणि त्यास एक पैसाही खर्च येत नाही.