तिथीने भरणारे मैदान

कुंपण घातलेली, पालिकेने राखलेली आणि ठरावीक वेळांत सर्वांना खुली असलेली बाग ही महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात रुजलेली कल्पना असून, भायखळ्याची राणीची बाग १८६२ मध्ये उघडली आणि पुढे तेथे वस्तुसंग्रहालय व प्राणीही आले तेव्हा झाडे, प्राणी, वस्तुसंग्रहालय आणि मोकळी हवा एकाच आवारात मिळण्याची सोय मुंबईकरांना प्रथमच मोठ्या प्रमाणावर झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावर गुजरातच्या सीमेलगत वसलेल्या खापरच्या परिसरात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, असे आवार उभे राहिले नाही. तरीही पाळणे, खाऊ, वाद्ये, नाच, खरेदी आणि दूरच्या नातलगांची गाठभेट या साऱ्या गोष्टी तेथील लोकांना एकत्र मिळत आल्या आहेत. त्या कायमच्या जागेवर न मिळता ठरलेल्या तिथीला मिळत, एवढाच काय तो फरक. पण तो दिसतो तितका किरकोळ नाही.

या व्यवस्थेमागे मेवासांचा इतिहास आहे. मेवासी म्हणजे डोंगराळ मुलखातील छोटे, बव्हंशी स्वायत्त सरदार. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावरही सातपुड्याच्या पश्चिम टोकावरील काठी, चिखली, नाला, नवलपूर, सिंगपूर आणि गव्हाळी या संस्थानांच्या प्रमुखांचा मान पूर्णपणे मोडला गेला नाही, आणि खानदेशचा कलेक्टरच त्यांचा राजकीय प्रतिनिधी म्हणून काम पाहत असे. करमणुकीची पालिकाप्रणीत शिस्त येथे पोहोचण्याआधीच उत्सव कोणी कोठे मांडायचा, होळीचा मान कोणाचा आणि कोणत्या गावाने कोणत्या गावानंतर होळी पेटवायची, याची शिस्त परंपरेने बसलेली होती.

होळीआधीच्या आठवड्यात भरणारे भोंगऱ्या बाजार हा या शिस्तीचा पहिला टप्पा होय. जेथे एरवी आठवडे बाजार भरतो तेथेच, त्या त्या गावाच्या बाजारवारी, भोंगऱ्या भरत असल्यामुळे तो एका जागी साचत नाही आणि डोंगरातील माणसाला आपल्या पायवाटेच्या टप्प्यात एखादा तरी बाजार गाठता येतो. होळीच्या पूजेसाठी लागणारे नारळ, खजूर, डाळ्या, गूळ आणि साखरेचे हार-कंगण, त्यांच्याबरोबर नवे कपडे आणि दागिने, यांची खरेदी हा त्याचा मूळ हेतू. ढोल, बासरी आणि पाळणे ही त्याची जोड. शहरी लेखणीने मात्र त्याला वधूवर निवडीचा किंवा पळून जाण्याचा बाजार ठरवून टाकले आणि ते वर्णन एकाने दुसऱ्यावरून उतरवून घेत राहिले. गेल्या काही वर्षांत आदिवासी संघटनांनी त्याला उघड हरकत घेतली, आणि ती रास्तच आहे.

या साऱ्याचा कळस म्हणजे काठी येथील राजवाडी होळी. काठी संस्थानची ही होळी १२४६ पासून चालत आल्याचे सांगितले जाते; हे वर्ष परंपरेचे आहे, दप्तराचे नव्हे, हे ध्यानात ठेवूनही तिची प्राचीनता नाकारण्याचे कारण नाही. गुजरातच्या जंगलातून आणलेला सुमारे सत्तर फूट उंच बांबू, ज्याला होळीचा दांडा म्हणतात, तो रोवला जातो, त्याभोवती रात्रभर ढोलाच्या तालावर फेर चालतो आणि होळी पेटते ती पहाटे, तिन्हीसांजेला नव्हे. अंगावर राखेची नक्षी, डोक्याला मोरपिसांचा टोप आणि कमरेला वाजणाऱ्या घुंगरांचे वा सुकलेल्या दुधी भोपळ्यांचे ओझे वागवणारे बावा आणि बुध्या हे नवसकरी असतात. त्यांनी होळीआधीचे काही दिवस पाळणी म्हणजे व्रतस्थ राहणी पत्करलेली असते. त्यामुळे येथे नाचणारा हा मनोरंजन करणारा कलावंत नसतो, तो आपले देणे फेडत असतो, आणि पाहायला आलेल्या शेजारगावच्या माणसालाही फेरात शिरण्याचा हक्क असतो. बागेत येणारा मनुष्य इतरांनी राखलेले पाहून परततो. काठीला येणारा भिल्ल किंवा पावरा मनुष्य जे पाहायला आला त्याचाच काही भाग असतो. काठीनंतर पुढचे काही दिवस गावोगावच्या होळ्या पाळीपाळीने पेटत असल्याने एकाच ढोलकऱ्याला अनेक मैदाने मिळतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या भूगोलात मोठी उलथापालथ झाली. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील मिळून ३३ गावांना बुडिताची झळ पोहोचवली. त्यांत अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीचे नाव विस्थापितांच्या लढ्यामुळे देशभर पोहोचले. त्याच परिसरातील शूलपाणेश्वराचे पुरातन देवालय, जेथे नर्मदा परिक्रमेचे यात्रेकरू आणि दोन्ही राज्यांतील भाविक जमत, तेही जलाशयात गेले आणि गुजरातमध्ये गोरा येथे नवे बांधावे लागले. जत्रेची जागा गेली की तिथी पंचांगात राहते, पण तिला उतरायला मैदान उरत नाही.

त्याच धरणाच्या खालच्या बाजूस, केवडियाजवळच्या साधू बेटावर, १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनावरण झाले आणि त्याच्याभोवती फुलबागा, प्राण्यांची जंगल सफारी, मुलांचे उद्यान आणि नौकाविहार यांची मोठी मांडणी झाली. खापरवरून डेडियापाड्याकडे जाणारा रस्ता आता या भागातील कुटुंबांना आणि शाळांच्या सहलींना तिकडे नेतो. राणीच्या बागेची कल्पना दीडशे वर्षांनी खापरच्या शेजारी पोहोचली ती अशी, तिकीट, ठरलेल्या वेळा आणि वाहनतळ यांच्यासह. आणि ती लोकप्रियही झाली, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना कोठे न्यावे या प्रश्नाला होळी उत्तर देऊ शकत नाही.

उलट दिशेचा प्रवासही सुरू झाला आहे. काठीच्या होळीला आता पुण्या-मुंबईचे छायाचित्रकार आणि पर्यटक येतात, वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे दांड्यासमोर लागतात, आणि ज्या फेरात बघणारा आणि नाचणारा यांची फारकत नव्हती त्याच्या कडेला निव्वळ बघ्यांची एक रांग उभी राहू लागली आहे. ही मंडळी पहाटे होळी पेटल्यावर परततात, तेव्हा नवसकऱ्यांची पावले पुढच्या गावाच्या होळीकडे वळलेली असतात.