'मले' चूक कसं?

परवा रात्री भाच्याचा पोलंडहून फोन आला. शिकायला गेलाय, आता तिथली भाषाही शिकतोय. म्हणाला, "मामा, इथंबी विभक्त्या हायेत, अन् त्या बी सात! शाळेतल्या 'स-ला-ते'ले कंटाळलो व्हतो, तं इथं सापडलो."

मला हसू आलं. मग त्याने उदाहरणं सांगितली. 'दोम' म्हणजे घर, 'ब्रात' म्हणजे भाऊ. घर पाहिलं तर 'दोम' तसंच राहतं. पण भावाला पाहिलं तर 'ब्राता' होतं. पुल्लिंगी नाम सजीव असेल तर रूप बदलतं. आपलंही असंच की! आपण 'घर पाहिलं' म्हणतो, पण 'भावाला पाहिलं'. हजारो मैल लांबची भाषा, पण जिवंत माणसाला ती वेगळा प्रत्यय लावते. आपल्यासारखीच.

आपल्याकडे दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं. विभक्त्यांचा साचा संस्कृतचा. त्यामुळे द्वितीया आणि चतुर्थी यांचे प्रत्यय सारखेच, तरी शाळेच्या तक्त्यात रकाने दोन! आमच्या घाटाखालच्या खामगाव-शेगावकडचा 'ले' मात्र त्यात कुठेच नाही. 'मले, तुले' म्हटलं की वर्गात हशा व्हायचा, गुरुजी छडी दाखवायचे. मी 'मला' म्हणायला शिकलो आणि पुढे घरीसुद्धा तसंच बोलू लागलो. गंमत म्हणजे ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वऱ्हाडीची आणि तिच्या 'ले'ची नोंद आहे. परक्या साहेबाने नोंदवलं ते आमच्या शाळेने पुसलं.

पोलंडचंही व्याकरण घडलं ते संकटाच्या काळात. १७७२ मध्ये देशाची पहिली फाळणी झाली आणि १७७८ मध्ये कोपचिन्स्की यांचं शालेय व्याकरण आलं. १७९५ मध्ये नकाशावरून देशच गेला, तो परत आला १९१८ साली. मधली १२३ वर्षं भाषा टिकली ती घराघरांतून.

पुढे दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात त्यांची छावणी होती. सुमारे ५००० माणसं, त्यात बायका आणि मुलं जास्त. छावणीत पोलिश शाळा होत्या. म्हणजे माझा भाचा आज जी भाषा घोकतोय, ती पंचगंगेकाठी मुलांनी घोकलीय. ज्यांचा गाव सुटला, त्यांनी भाषा सुटू दिली नाही. आम्ही मात्र गावात राहूनच एक प्रत्यय सोडून दिला, तोही लाजेपायी.

प्रमाण मराठी शिकू नये असं मी म्हणत नाही. नोकरीला, कागदावर ती लागतेच. पण 'ले' ही चूक नाही, तोही एक प्रत्यय आहे, इतकं तरी मुलांना सांगायला हवं होतं. असो.

फोन ठेवताना भाचा म्हणाला, "आजीले सांगजो, जेवलो म्हणून."

आत जाऊन आईला निरोप दिला. खूप वर्षांनी तोंडून आलं, "आई, त्यानं तुले सांगाले लावलं, जेवलो म्हणून." आई नुसती हसली.