कुंडीतला निवडुंग आणि किरमिजी रंग

गेल्या वर्षी सिन्नरकडून घरी येताना आम्ही रस्त्याकडेला चहासाठी थांबलो. शेताच्या कडेला फड्या निवडुंगाचे कुंपण होते. लेकीने त्यातला पडलेला एक फड कागदात गुंडाळून घरी आणला आणि नाशिकच्या आमच्या गॅलरीत, माझ्या छोट्या कॅक्टसच्या शेजारी, कुंडीत लावून टाकला. काही दिवसांनी तिने हाक मारली, "अब्बू, झाडाला कापूस लागलाय!"

मला वाटले पिठ्या ढेकूण असेल. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे नाव नवे नाही. तिने त्या कापसाचा एक ठिपका अंगठ्याने दाबला आणि घाबरून हात पुढे केला. अंगठा लालभडक झाला होता.

ते रक्त नव्हते. ज्या रंगासाठी एकेकाळी साम्राज्ये एकमेकांची गुपिते चोरत होती, तो रंग माझ्या मुलीच्या बोटाला लागला होता.

आपण मराठीत त्याला किरमिजी म्हणतो. हा शब्द अरबी-फारसी 'किर्मिज'वरून आला. भूमध्य समुद्राच्या परिसरात ओकच्या झाडांवर वाढणाऱ्या एका किड्यापासून लाल रंग काढत, तो किर्मिज. फारसीत 'किर्म' म्हणजे किडा. आपला 'कृमी' त्याचाच सख्खा भाऊ. इंग्रजीतले क्रिमझन आणि कार्माइन हे शब्दही याच घरातले. एका किड्याचे नाव संस्कृत, फारसी, अरबी, मराठी आणि इंग्रजीत असे फिरत राहिले. भाषांना सरहद्दी फारशा मानवत नाहीत, हेच खरे.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांना मेक्सिकोत याहून सरस रंग सापडला. तिथले लोक फड्या निवडुंगावर एक किडा पाळत, वाळवत आणि त्यापासून लाल रंग करत. याला कोचिनियल म्हणतात. मेक्सिकोतून युरोपात जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल याची किंमत होती. स्पेनने हे गुपित दीर्घकाळ जपले. इंग्रजांच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांचे लाल कोटही याच रंगात रंगत, म्हणजे आपल्या सैन्याच्या गणवेशासाठी इंग्लंडला स्पेनच्या तोंडाकडे पाहावे लागे.

ईस्ट इंडिया कंपनीला ही अडचण हिंदुस्थानात सोडवायची होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये डॉ. जेम्स अँडरसन यांनी खास या कामासाठी निवडुंगाची बाग उभी केली. १७९५ साली कॅप्टन नील्सन नावाच्या अधिकाऱ्याने ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोहून किडे कलकत्त्याला आणले. पण ते मेक्सिकोतले पाळीव किडे नव्हते, रानटी जातीचे होते. रंग हलका निघाला, धंदा बसला. किडे मात्र निवडुंगावर तुटून पडले. निवडुंगाची एक जात त्यांनी जिथे गाठली तिथे जवळपास संपवली. पुढे हेच किडे मुद्दाम दक्षिण हिंदुस्थानात आणि नंतर श्रीलंकेत नेऊन निवडुंग हटवण्यासाठी सोडले गेले. एका किड्याकरवी तण मारण्याचे हे जगातले पहिले उदाहरण मानले जाते.

निवडुंगाच्या दुसऱ्या जाती या किड्याला दाद देत नव्हत्या. त्यांनी गायराने आणि पडीक जमिनी व्यापल्या. म्हणून १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा आणला गेला आणि काही वर्षांत दक्षिणेतली निवडुंगाची मोठमोठी रानेच्या राने आडवी झाली. लेकीच्या अंगठ्याला लागलेला रंग बहुधा याच पाहुण्याच्या वंशजाचा.

म्हणजे झाड आणले रंगासाठी आणि कुंपणासाठी. ते वाढले तेव्हा त्याला तण ठरवले आणि मारायला कीड आणली. दुष्काळ पडला की त्याच निवडुंगाचे काटे भाजून ते गुरांपुढे टाकायचे. आज उरुळीकांचनच्या बाएफसारखी संस्था बिनकाट्याचा निवडुंग कोरडवाहू शेतकऱ्यासाठी चारा म्हणून लावून पाहते. झाड तेच, आपली गरज बदलली की त्याची किंमत बदलते.

आता नावाकडे पाहा. एखाददुसरा अपवाद सोडला तर जगातले सगळे कॅक्टस मुळात अमेरिका खंडातले. कोलंबसाच्या आधी आपल्याकडे फड्या निवडुंग नव्हता. निवडुंग हा शब्द मात्र होता. तो इथल्या मूळच्या काटेरी, चिकाच्या झाडांचा, ज्यांना आयुर्वेदात स्नुही म्हणतात. फरक ओळखायचा तर काडीने हलकेच टोचून पाहावे. पांढरा चीक आला तर तो बहुधा आपला जुना निवडुंग, पाण्यासारखा रस आला तर अमेरिकेचा पाहुणा. चीक मात्र डोळ्यांना लागू देऊ नये. शेतकऱ्याला दोघांत फार फरक दिसला नाही. दोघांना काटे, दोघेही कोरड्या रानात तगणारे. त्याने पाहुण्याला 'फड्या' हे विशेषण लावले आणि आडनाव आपलेच देऊन टाकले. पेरू देशाच्या नावाचे फळ आपण असेच खातो, आणि मिरची परदेशी आहे हे सांगितले तर आजही कुणाला खरे वाटत नाही.

पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचे देऊळ आहे. निवडुंगाच्या जाळीत मूर्ती सापडली म्हणून हे नाव, असे सांगतात. तुकोबांची पालखी तिथे मुक्कामाला असते. तिकडे अरबीत निवडुंगाला सब्बार म्हणतात आणि त्याच धातूतून 'सब्र' येतो, ज्याला आपण संयम म्हणतो. १९४८ मध्ये पॅलेस्टाइनमधली जी गावे रिकामी झाली, त्यांच्या जागेवर घरे दिसत नाहीत, पण अनेक ठिकाणी निवडुंगाची कुंपणे पुन्हा फुटून आली. त्यावरून गाव कुठे होते ते कळते. तिथेही हे झाड अमेरिकेहूनच आले होते. आज ते त्या मातीशी असलेल्या नात्याची खूण झाले आहे.

हे सगळे मी लेकीला एका बैठकीत सांगितले नाही, पण थोडे थोडे सांगितले. मग तिने विचारले, "म्हणजे हे झाड आपलं की बाहेरचं?"

हा प्रश्न मला ओळखीचा आहे. माझे आजोबा, पणजोबा जुन्या नाशकात वाढले. मोगल काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, पेशवाईत ते पुन्हा नाशिक झाले. आमच्या घरात दोन्ही नावे सहज तोंडात येतात. तरी माझे नाव ऐकल्यावर, मी शुद्ध मराठीत बोलत असतानाही, कुणीतरी विचारतेच, "मूळ कुठले तुम्ही?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. पण उत्तर दिल्यावरही त्याचे समाधान होत नाही, हे कळते.

मी लेकीला कॅक्टसच्या देखभालीतूनच उत्तर दिले. माझा पहिला कॅक्टस मी रोज पाणी घालून मारला होता. नाशिकची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात मुळे कुजली. आता कुंडीत निम्म्याहून जास्त जाड वाळू आणि विटांचा चुरा असतो, खाली भोक मोकळे. माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी नाही, थंडीत महिन्यातून एकदा पुरते. पावसाळ्यात कुंड्या छपराखाली. सकाळचे ऊन हवेच. वाळवंटात पाणी वाचवण्यासाठी हे झाड दिवसा आपली छिद्रे बंद ठेवते आणि रात्री उघडून हवा आत घेते. कुंडी नाशकात आली तरी ती सवय सुटलेली नाही.

"म्हणून," मी म्हटले, "ते आपलंच आहे. आपण लावलं, आपल्या गॅलरीत वाढतंय. पण त्याची तहान कशी आहे ते आपण समजून घ्यायचं. आपल्यासारखं पाणी पी म्हणून त्याला सांगायचं नाही."

मग आम्ही कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून छोट्या कॅक्टसवर एखादा किडा आलाय का ते पाहिले. आला नव्हता. फड्याची कुंडी दूर, गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेली. त्यावरचे किडे पुसू का, असे मी विचारले.

लेक म्हणाली, "थोडे राहू दे अब्बू. मला त्यांच्या रंगानं चित्र काढायचंय."