चोराचा माग आणि सरकारची तिजोरी

पेशवाईत गावात घरफोडी झाली, की हाक जायची ती जागल्याला. हा जागल्या बहुधा रामोशी, भिल्ल किंवा महार असे. गावात कोण आले, कोण गेले, कोणाची चालचलणूक कशी, हे सारे त्याला ठाऊक असावे लागे. ते ठाऊक असायचेही, कारण त्याचा धान्याचा वाटा घरोघर फिरूनच गोळा व्हायचा. घरफोडी झाली की तो मातीतले पाऊल हेरायचा आणि माग काढत थेट शिवेपर्यंत जायचा. माग पुढच्या गावात गेल्याचे तिथल्या जागल्याला पटवून दिले, की याची जबाबदारी संपली आणि त्याची सुरू झाली. असे करत करत ज्या गावात माग विरला, ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल १८१९ मध्ये लिहिला. ही सगळी पद्धत त्यात तपशिलाने आली आहे. चोर मिळाला नाही, तर नुकसान आधी जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून वसूल होई आणि उरलेले सगळ्या गावावर बसे. एल्फिन्स्टनला हे अन्यायाचे वाटले. गावाला चोरी थोपवता येईलच असे नाही, आणि नुकसान भरून देण्याइतका पैसाही गावापाशी असेलच असे नाही, हे त्याने स्पष्ट लिहिले. म्हणूनच पूर्ण रकमेची वसुली क्वचित होई. काही ना काही दंड मात्र बहुधा बसेच. पाटलाने किंवा जागल्याने हयगय केली, चोराशी संगनमत केले, तर त्याचे इनाम काढून जवळच्या नातलगाला देत. कधी बेड्या, कधी फटकेही.

जागल्यावर हा जुलूमच होता, यात शंका नाही. गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या पदराला पहिली तोशीस लावायची ही रीत कोणी आदर्श म्हणून मिरवू नये. पण तिच्या मुळाशी असलेला हिशेब सरळ होता: राखणीचा मोबदला घेता, तर राखण चुकल्याची किंमतही तुम्हीच मोजा.

हा हिशेब जुना आहे. चोरीस गेलेले द्रव्य राजाने प्रजेला परत द्यावे, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते, आणि माल परत मिळवता आला नाही तर राजाने तो पदरचा द्यावा, ही तरतूद कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. त्याच्याही कितीतरी आधी बाबिलोनच्या हम्मुराबीने दरोडेखोर न सापडल्यास नुकसान शहराने आणि तिथल्या अधिकाऱ्याने भरावे, असे दगडावर कोरून ठेवले होते. दरोड्यात जीव गेला असेल, तर नातलगांना चांदी.

इंग्रजी अमलात फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा झाला. ज्याचे डोके फुटले तो साक्षीदार. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५४५ वे कलम होते. वसूल झालेल्या दंडातून फिर्यादीला भरपाई देण्याची मुभा त्यात न्यायालयाला होती. मुभाच. दंडच झाला नाही, किंवा झाला तो चार-दोन रुपयांचा, तर त्यातून वाटणार काय? आणि आरोपीच सापडला नाही तर प्रश्नच मिटला. सरकार गावाकडून पोलिसगिरी काढून स्वतःकडे घेत गेले. तिच्यासोबतचे देणे मात्र घेतले नाही.

गंमत अशी, की याच प्रश्नाने पुढे खुद्द इंग्लंडमध्ये डोके वर काढले. मार्जरी फ्राय ही तुरुंगसुधारणेसाठी आयुष्य घालवलेली बाई. तिने १९५० च्या दशकात एक उदाहरण लोकांपुढे ठेवले. १९५१ मध्ये मारहाणीत एक माणूस आंधळा झाला. न्यायालयाने त्याला साडेअकरा हजार पौंड मंजूर केले आणि हल्लेखोरांना आठवड्याला पाच-पाच शिलिंग भरायला सांगितले. शेवटचा हप्ता हातात पडायला त्याला आणखी ४४२ वर्षे जगावे लागले असते. भरपाई सरकारनेच द्यावी, हे तिचे म्हणणे मान्य व्हायला तिच्या मृत्यूनंतर काही वर्षे जावी लागली: १९६४ च्या जानेवारीत न्यूझीलंडमध्ये आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये योजना सुरू झाली.

आपल्याकडे १९७३ च्या नव्या संहितेत ३५७ वे कलम आले. दंड झाला नसला तरी आरोपीने भरपाई द्यावी, असा हुकूम आता करता येत होता. पण देणारा आरोपीच. सरकारने खिशात हात घालावा, हे प्रथम ठणकावले गेले ते वेगळ्याच प्रकरणात. बिहारमध्ये मुझफ्फरपूरच्या तुरुंगातला एक माणूस १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १४ वर्षे आतच राहिला. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने राज्य सरकारला त्याला ३०,००० रुपये द्यायला लावले. ५,००० आधी दिलेले होते. १४ वर्षांचे ३५,००० म्हणजे आजच्या नजरेला थट्टाच. पण मूलभूत हक्क मोडल्याबद्दल सरकारला रोख भरपाई द्यावी लागते, ही वाट तिथून रुळली.

गुन्ह्याच्या बळींना सरकारी तिजोरीतून, तेही निकालाची वाट न पाहता पैसा देण्याचे पहिले ठोस पाऊल अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत सापडते. दलित-आदिवासींवरील अत्याचारांसाठी त्यात दरपत्रकच दिले आहे आणि काही रक्कम खटला सुरू असतानाच द्यायची असते. या इतिहासात त्या नियमांचे नाव फारसे कोणी घेत नाही, घ्यायला हवे.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. रांचीहून दिल्लीकडे निघालेल्या घरकामगार महिलांवर रेल्वेत जवानांनी अत्याचार केल्याचे प्रकरण न्यायालयापुढे होते. अशा महिलांसाठी भरपाई मंडळ नेमावे, असा निर्देश निघाला. मंडळ कागदावरच राहिले. अखेर २००८ च्या दुरुस्तीने ३५७-अ हे कलम आले, ते ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आले. प्रत्येक राज्याने केंद्राशी समन्वय साधून योजना आखायची. आणि कलमातला सर्वांत मोलाचा भाग असा, की गुन्हेगार सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. माग विरला तरी देणे उरते, हे तत्त्व असे परतले. फरक इतकाच, की जागल्याची पद्धत चोरीच्या मालासाठी होती आणि आजच्या योजना शरीराला झालेल्या इजेसाठी, जीव गेल्याबद्दल आहेत. दागिने गेले, तर त्यासाठी आज तिजोरी उघडत नाही.

राज्ये काही लगबगीने कामाला लागली नाहीत. २०१३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. रात्री पीक राखणाऱ्या शेतकऱ्याचा कुत्रा भुंकला, वाटेने जाणाऱ्याने त्याला पाइप मारला, त्यावरून बाचाबाची आणि शेतकऱ्याचा मृत्यू. भरपाईच्या कलमाचा खालच्या दोन्ही न्यायालयांनी विचारच केला नव्हता. असा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे, असे सांगून या निकालाची प्रत सर्व उच्च न्यायालयांकडे धाडण्यात आली. जुलैमध्ये अ‍ॅसिडहल्ल्यातील पीडितांना किमान तीन लाख, त्यातले एक लाख पंधरा दिवसांत, असा आदेश झाला. ऑगस्टमध्ये मुंबईत शक्ती मिलच्या आवारात सामूहिक बलात्काराची घटना घडली. २ ऑक्टोबरला महाराष्ट्राची ‘मनोधैर्य’ योजना सुरू झाली.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिडहल्ला यांसाठी दोन ते तीन लाख, अशी तिची सुरुवात होती. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडे. शेजारच्या गोव्यात तोवर दहा लाखांपर्यंतची तरतूद झालेली होती, आणि २०१६ मध्ये छत्तीसगडमधल्या एका अंध पीडितेला आयुष्यभर दरमहा ८,००० रुपये देताना सर्वोच्च न्यायालयाने इतर राज्यांपुढे गोव्याचाच दाखला ठेवला. मुंबई उच्च न्यायालयातही राज्य सरकारला खडे बोल ऐकावे लागले: हा पैसा म्हणजे दानधर्म नव्हे. त्यानंतर ‘मनोधैर्य’ची मर्यादा दहा लाखांवर गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. २०१८ मध्ये देशभरासाठी दरांची चौकट ठरली: बलात्कारासाठी चार ते सात लाख, सामूहिक बलात्कारासाठी पाच ते दहा लाख.

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद ३९६ व्या कलमात आहे. चौकशी दोन महिन्यांत संपवायची, हेही कायम. अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यायचा. सोबत एफआयआरची प्रत आणि वैद्यकीय अहवाल. तातडीचे उपचार हवे असतील, तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्याचा दाखला पुरतो. हा दाखला मागता येतो, हे ठाण्यातून पीडिताला सांगितले जाते का, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.